आधी नोंद, मग फावडे: बोरीकाठच्या एका गोसावी समाधीभूमीचे प्रकरण

जळगाव जिल्ह्याच्या पारोळा–अमळनेर पट्ट्यात बोरी नदीच्या काठाला लागून एका गावात गोसावी समाजाची जुनी समाधीभूमी आहे. गावाचे नाव येथे देत नाही. हद्दीची मोजणी अजून पुरी व्हायची आहे आणि शेजारच्या खातेदारांशी बोलणी चालू आहेत. जागा पाऊण एकराच्या आसपास. गिरी, पुरी, भारती, बन अशा दशनामी घराण्यांतल्या मृतांना येथे पिढ्यान् पिढ्या समाधी दिली जाते. मृताला मांडी घालून बसवतात, भोवती मीठ भरतात, वर माती आणि मातीवर ऐपतीप्रमाणे ओटा. ओट्यावर कुठे पादुका, कुठे पिंड आणि नंदी, कुठे नुसता उभा काळा दगड.

अमळनेरला बोरीच्या पात्रातली सखाराम महाराजांची समाधी लाखो लोकांना ठाऊक आहे, तिची यात्रा भरते. संसारी गोसाव्यांच्या समाध्यांना यात्रा नाही. राज्याच्या किंवा केंद्राच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत अशी गावोगावची भूमी नसते. तिला वाचवणाऱ्या गोष्टी दोनच: जमिनीच्या कागदावरची नोंद आणि कोण कुठे आहे हे सांगू शकणारी माणसे. या प्रकरणात दोन्ही विरत चालल्या होत्या.

काय घडले

जनसुविधा योजनेतून दफनभूमीला संरक्षक भिंत, पेव्हर ब्लॉक आणि निवारा शेड मंजूर झाली. कामाआधी जागा ‘साफ’ करायची म्हणून जेसीबी आला. उत्तरेचा कोपरा विलायती बाभळीने भरला होता. यंत्राने बाभळी मुळासकट उपटल्या आणि त्यांच्या बुडाशी असलेले दगड, पादुका, फुटके नंदी एका ढिगात लोटले. दुपारी दोन म्हातारी माणसे आडवी उभी राहिली तेव्हा काम थांबले.

यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. गावाला जागा नीट करायची होती, निधी परत जाऊ नये अशी घाई होती. खानदेशात अशा जागांचे सर्वांत मोठे नुकसान चोर करत नाहीत, अतिक्रमण करणारेही तेवढे करत नाहीत. ते स्वच्छतेच्या एका दिवसात होते. दगड तुटला तर सांधता येतो, पण तो कोणत्या जागेवर होता हे एकदा गेले की त्या माणसाची ओळख गेली. म्हणून पुढचे सगळे काम एका नियमावर उभे राहिले: नोंद होईपर्यंत कोणतीही वस्तू हलवायची नाही. गवताचे पातेसुद्धा हातविळ्यानेच कापायचे.

पहिले पाऊल ग्रामसभेच्या ठरावाचे होते. ‘समाधीभूमी जतन करावी’ एवढ्या मोघम ठरावाने काहीच थांबत नाही. ठरावात चार गोष्टी नेमक्या लिहिल्या: यंत्र आत न्यायचे नाही, भिंतीचा पाया खणण्याआधी नकाशा पूर्ण झाला पाहिजे, आतल्या भागात पेव्हर ब्लॉक बसवायचे नाहीत, ढीग आहे त्या जागी ताडपत्रीखाली ठेवायचा. भिंतीचा निधी परत गेला नाही, कारण मुदतवाढीचे पत्र ठरावाबरोबरच गेले. भिंतीच्या पायाची चारी हा अशा ठिकाणचा ठरलेला घात असतो. हद्दीलगतच्या समाध्या सर्वांत जुन्या किंवा सर्वांत गरिबांच्या असतात आणि चारी नेमकी त्यांच्यातून जाते.

नकाशा

मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नये. त्याची चूक सहज तीन ते पाच मीटर असते आणि दोन समाध्यांत अंतर असते दीड-दोन मीटर. येथे दोन पक्के बिंदू धरले: जुन्या विहिरीच्या काठाचा कोपरा आणि वाटेवरचा हद्दीचा दगड. त्यांच्यामधली रेघ हा पाया. तिच्यावरून खुंट्या आणि सुतळीने ५ मीटर × ५ मीटरचे चौकोन पाडले. प्रत्येक समाधीचे अंतर चौकोनाच्या दोन कोपऱ्यांपासून टेपने मोजून आलेख कागदावर पेन्सिलीने उतरवले. शाई नको, दवाने पसरते.

क्रमांक दगडावर रंगवायचा नाही, खडूनेही नाही. भाजलेल्या मातीच्या चकतीवर क्रमांक कोरून ती समाधीच्या ईशान्य कोपऱ्याशी जमिनीत बसवली. प्रत्येक समाधीचे एक कार्ड: क्रमांक, चौकोन, मुखाची दिशा, लांबी-रुंदी-उंची, साहित्य, कोरीव चिन्हे, लेख अक्षरशः जसा आहे तसा, नुकसान, चारही बाजूंचे फोटो. फोटोत मोजपट्टी आणि क्रमांकाची पाटी दिसलीच पाहिजे.

ज्यांवर दगड नाही त्यांनाही क्रमांक दिला. काळ्या मातीत जुनी समाधी बसली की वर बशीसारखा उथळ खळगा पडतो, आणि पावसाळ्यानंतर तिथे गवत जास्त दिवस हिरवे राहते. कार्तिकात सकाळच्या तिरप्या उन्हात हे खळगे स्पष्ट दिसतात. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडल्या की काही कळत नाही. शोधासाठी पहार मारायची नाही. मातीत बुडालेला दगड हुडकायचा असेल तर बोटाएवढी सळई वीतभर, हाताच्या दाबाने, त्याखाली नाही.

नदीकडचा एक पट्टा पूर्ण मोकळा दिसत होता आणि शेड तिथेच उभारायची होती. गावातल्या वयस्क बायकांना विचारल्यावर कळले की ती बाळांची जागा. मृत देह जाळणाऱ्या घरांतही तान्ही मुले पुरतात, आणि या गावातल्या अनेक समाजांनी ती इथे पुरली आहेत. वर खूण काहीच नाही. पुरुषांच्या बैठकीत ही गोष्ट निघालीच नव्हती. मोकळी दिसणारी जागा मोकळी समजण्याआधी बायकांना विचारावे, हे प्रत्येक ठिकाणी लागू आहे. शेड फाटकाबाहेर गेली.

लेख वाचणे

झिजलेला लेख वाचायला फक्त तिरपा उजेड लागतो: सकाळी-संध्याकाळी आरशाने ऊन पाडावे, नाहीतर रात्री विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरावी. पीठ, खडू, तेल, भस्म चोळून अक्षरे उठवू नयेत. तेल दगडात मुरते, धूळ धरते आणि पुढच्या माणसाला तो लेख आणखी अवघड होतो. पातळ कागद लावून ठसा घ्यायचा तर दगडाचे पापुद्रे सुटत नाहीत याची खात्री करूनच.

तारखांचे गणित मांडून ठेवावे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाचा उत्तरार्ध, माघ आणि फाल्गुन हे महिने पुढच्या इसवी सनात पडतात, तिथे ७९. विक्रम संवतातून ५७ वजा, जानेवारीपासून ते संवत संपेपर्यंतच्या महिन्यांत ५६. एका दगडावर ‘शके १७-७ क्रोधन नाम संवत्सरे माघ’ एवढेच उरले होते, दशकाचा आकडा गेलेला. संवत्सरांचे, म्हणजे वर्षांच्या नावांचे, चक्र साठ वर्षांचे. शके १७०७ पासून १७९७ पर्यंतच्या दहा शक्यतांपैकी क्रोधन येते फक्त १७२७ आणि १७८७ ला. शेजारच्या दगडावर ‘शके १७९१ शुक्ल नाम संवत्सरे’ स्वच्छ वाचता येते आणि दोन्हीवर गुरूचे नाव एकच आहे. दोन गुरुबंधूंच्या मृत्यूत चौसष्ट वर्षांचे अंतर फारच दुर्मीळ. चार वर्षांचे सहज असते. म्हणून नोंदीत ‘शके १७८७, म्हणजे १८६६, बहुधा’ असे लिहिले आणि कारणही लिहिले. ‘बहुधा’ हा शब्द गाळायचा नाही. गोसाव्यांच्या लेखांत बापाऐवजी गुरूचे नाव असू शकते. ते वंशावळीत बाप म्हणून चढवले की पुढची सगळी नाती चुकतात.

दगड बोलत नाही तिथे नावे कुठून आणायची

बहुसंख्य समाध्यांवर लेख नाही. नावांचे झरे वेगळे आहेत.

पहिला म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४. जुनी जन्म-मृत्यू बुके तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. अर्ज आणि फी भरून नक्कल मिळते. जातीच्या दाखल्यासाठी लोक ती काढतातच, त्यामुळे काही घरांत नकला आधीपासून पेटीत पडलेल्या असतात; तिथून सुरुवात केली तर पुष्कळ फी वाचते. जुनी पाने मोडीत आहेत. मोडी वाचणारा माणूस नसेल तर धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेकडे विचारणा करावी. १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू झाल्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत मिळतात.

कोतवाल बुकात मृत्यूचे कारण एका शब्दात असते: ताप, पटकी, देवी, गाठीचा ताप. १९१८ च्या पावसाळ्याच्या अखेरीला मानमोडीने, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीने, घरेच्या घरे बसवली. त्या महिन्यांची पाने वाचली की बिनदगडाच्या खळग्यांची रांग एकाच बाजूला का आहे याचा अंदाज येतो. तसेच संवत १९५६ चा, म्हणजे १८९९–१९०० चा दुष्काळ. अशा काळात ओटा बांधायला घरात ना पैसा होता ना माणूस. पण खळग्याला नाव चिकटवायची घाई करू नये. नावांची यादी वेगळी, जागांची यादी वेगळी, आणि दोघांचा मेळ पुरावा असेल तेवढाच.

दुसरा झरा त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. गावाप्रमाणे आणि घराण्याप्रमाणे लावलेल्या या वह्यांत अस्थी घेऊन किंवा यात्रेला गेलेल्याने पूर्वजांची नावे सांगितलेली असतात. जाताना आजोबांचे पूर्ण नाव आणि मूळ गाव पाठ हवे.

तिसरा झरा घरातली तोंडी माहिती, आणि इथे बायकांची नावे निसटतात. दगडावर ‘अमुकगीर यांची पत्नी’ एवढेच. सासरचे नाव एक, माहेरचे दुसरे, हाक मारायचे तिसरेच. कार्डावर तीन वेगळे रकाने ठेवले तेव्हा एकच बाई दोन समाध्यांत मोजली गेल्याचे लक्षात आले. आणि विचारताना मुलांपेक्षा लेकींना विचारावे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी आजीची नावे मुलग्यांपेक्षा नेमकी सांगतात.

ढीग

ढिगातले दगड अंदाजाने उभे करण्याचा आग्रह झाला. तो मानला नाही, आणि हा निर्णय या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आहे. चुकीच्या जागी उभा केलेला दगड खोटी साक्ष देतो, तीही शंभर वर्षे.

दगड हाताने एकेक काढून मुरमाच्या दहा सेंटिमीटर थरावर आडवे मांडले, भिंतीला टेकवून नाही. टेकवलेला दगड स्वतःच्या वजनाने मोडतो. मग तीन खुणा जुळवल्या: दगडाच्या बुडाचा आकार आणि ओट्यातली खोबण, तुटलेल्या कडा, आणि घराघरांतले जुने फोटो. वर्षश्राद्धाच्या फोटोत मागे समाध्या दिसतात, हे सुचल्यावर बरेच कोडे सुटले. जे जुळले ते जागी गेले. उरलेले मुरमाच्या थरावर रांगेत आहेत, पाटीवर स्पष्ट लिहिले आहे की यांच्या मूळ जागा ठाऊक नाहीत.

झाडे आणि आग

विलायती बाभूळ कापली की जमिनीलगतच्या डोळ्यांतून दुपटीने फुटते. शेतात बुंधा वीतभर खाली खणून तोडतात. येथे खणायचे नाही. म्हणून जमिनीसरशी कापून बुंध्यावर काळे जाड प्लॅस्टिक बांधले आणि पावसाळाभर दर तीन-चार आठवड्यांनी फूट खुडली. कंटाळवाणे काम आहे, दोन पावसाळे लागतात, आणि एक फेरी चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

सांध्यात उगवलेला पिंपळ उपटू नये, सोबत वीट निघते. रोप बोटभर असतानाच पावसाळ्यात मुळासकट सोडवून नदीकाठी लावले. पूजा करून हलवले तर गावाची हरकत नसते. मोठा झाला असेल तर बांधकाम उकलल्याशिवाय तो निघत नाही, तेव्हा फांद्या छाटून वजन कमी करावे एवढेच.

फाल्गुनात गवत पेटवायची रीत बंद केली. बेसाल्ट, म्हणजे इथला काळा दगड, तापून वरचा कपचा उडतो आणि नेमका लेखाचाच पृष्ठभाग जातो.

ओटे, मीठ आणि सिमेंट

दुरुस्तीचा खरा गुंता इथे आहे. जुने ओटे पातळ विटांचे आणि चुन्याचे. गेल्या काही दशकांत मुला-नातवांनी प्रेमाने त्यावर सिमेंट आणि ऑइलपेंट चढवला. बाहेरून ओटा धडधाकट दिसतो, आत वीट भुगा झालेली असते.

याचे कारण समाधीतच आहे. मृताभोवती भरलेले मीठ पावसाळ्यात विरघळते आणि ओलीबरोबर विटांतून वर चढते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, ओल बाहेर जाते, मीठ पृष्ठभागावर पांढरे उमटते, झाडून टाकता येते. सिमेंट ओल कोंडते. मग मीठ सिमेंटच्या मागे विटेतच साकळते, त्याचे खडे फुगतात आणि वीट पापुद्र्यांनी सुटते. लोणा लागतो म्हणतात तो हाच, आणि मिठाच्या समाधीवर तो इतर बांधकामापेक्षा वाईट लागतो. आतमध्ये पेव्हर ब्लॉक नकोत याचेही कारण हेच: सगळी जमीन झाकली की ओलीला वर यायला ओटे तेवढे उरतात.

सिमेंट सरसकट फोडू नये. लाकडी हातोडीने ठोकून पाहावे. जिथे पोकळ वाजते तिथला थर बारीक छिन्नीने सुटतो. जिथे घट्ट आहे तिथे काढताना वीट सोबत येते, ते सोडून द्यावे. मोकळ्या विटेवर भिजवलेल्या साध्या कागदाच्या लगद्याचा दोन सेंटिमीटर थर लावून वाळू द्यावा. मीठ लगद्यात उतरते. लगदा दूर नेऊन टाकावा, समाधीशेजारी नाही. दोन-तीन वेळा केल्यावर पांढरे येणे कमी होते, थांबत मात्र नाही.

गिलाव्यासाठी कळीचा चुना पाण्यात विरवून निदान चार आठवडे पाण्याखाली मुरवलेला हवा. विरवताना चुना उकळतो, डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय कोणालाही जवळ जाऊ देऊ नये. प्रमाण मापाने: चुना १, सुरखी (विटांची पूड) १, वाळू २. सुरखी मध्यम भाजलेल्या विटांची. राखमिश्रित विटांची चालत नाही. वाळू बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवावी. वर बसलेला गाळ वाळूच्या दहाव्या हिश्शाहून जास्त असेल तर धुऊन घ्यावी. १२० × ७५ × ४५ सेंटिमीटरच्या ओट्याला दीड सेंटिमीटर जाडीने साधारण १५ लिटर चुना, १५ लिटर सुरखी, ३० लिटर वाळू पुरते. वीट आधी भिजवावी. मग दोन आठवडे ओले बारदान, दिवसातून तीन वेळा पाणी. हे काम कार्तिक ते पौषातच करावे. वैशाखात खानदेशात गिलावा पकडण्याआधी सुकतो आणि हातात पिठासारखा येतो.

काळ्या दगडाची सफाई फक्त पाणी आणि मऊ ब्रशने. दगडफूल भिजवून बांबूच्या कामटीने. आम्ल, तारेचा ब्रश, जोराच्या पाण्याचे यंत्र वर्ज्य. आपल्या बेसाल्टमध्ये पांढरे चुनखडीचे आणि झिओलाइटचे गोटे भरलेले असतात. आम्लाने ते झडून अक्षरांत भोके पडतात. पूजेतल्या नंदीवरचा शेंदूर खरवडायचा नाही. तो त्या दगडाच्या जिवंतपणाचा भाग आहे.

कललेले दगड

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. दगड दर वर्षी थोडा थोडा कलतो. सरळ करायची वेळ मार्गशीर्ष, माती ना चिखल ना भेगाळलेली. ९० × ४५ × १५ सेंटिमीटरचा दगड पावणेदोनशे किलोच्या घरात जातो; तीन बल्ल्या बांधून चेन-पुली लावावी आणि दगडाला साखळी नव्हे, रुंद पट्टा. खणणे दगडाच्या बुडापर्यंतच, फार तर दीड फूट. पांढरा मिठाचा थर किंवा राख दिसली की तिथेच थांबायचे, माती परत टाकायची आणि समाजाच्या पंचांना बोलवायचे. काळी माती काढून मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, धुम्मसाने ठोकत भरावा. काँक्रीटमध्ये रोवलेला दगड हलू शकत नाही आणि मानेशी मोडतो. ढिगातले बरेच तुकडे असेच मोडलेले होते.

हद्द

गट नकाशात ही जागा शेजारच्या गटात विरघळलेली निघाली. जमिनींच्या एकत्रीकरणात जुने सर्व्हे नंबर गटांत गेले तेव्हा असे पुष्कळ ठिकाणी झाले आहे. उपाय जुन्या कागदांत असतो: भूमी अभिलेख कार्यालयातून सर्व्हे नंबरचे टिपण (जुन्या मोजणीचा आराखडा), फाळणी उतारा आणि जुना गाव नकाशा काढावा. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) वर्ग ‘ब’ आहे का पाहावे. दफनभूमीसारख्या सार्वजनिक उपयोगाची जमीन त्यात येते. नंतर हद्द कायम मोजणीचा अर्ज, शेजाऱ्यांना नोटीस. समाधीवर मुद्दाम अतिक्रमण करून भावना दुखावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे, पण गावात तक्रारीपेक्षा टिपणाची नक्कल टेबलावर ठेवल्याने बोलणे लवकर पुढे सरकते.

पुढची व्यवस्था

भूमी वापरात आहे, त्यामुळे नव्या समाध्यांचा नियम लागला. नकाशात मोकळा ठरलेला पूर्वेचा पट्टा त्यांच्यासाठी राखला. आजोबांशेजारीच जागा हवी असा आग्रह होतो. तिथे नकाशा पाहून दोन्ही बाजूंना दीड मीटर मोकळे असेल तरच परवानगी. ओटा विटा-चुन्याचा, नाव कोरलेले, रंगवलेले नाही.

नोंदीच्या तीन प्रती झाल्या: ग्रामपंचायत दप्तरी, समाजाच्या पंचांकडे, आणि तिसरी गावाबाहेरच्या अभिलेख संग्रहात देण्यासाठी. फोटोंच्या छापील प्रतीही ठेवल्या. पेन ड्राइव्ह दहा वर्षांनी उघडेलच असे नाही.

स्मरणाचा दिवस नवा शोधावा लागला नाही. आखाजीला खानदेशात घरोघरी पितरांची घागर भरतात, वर डांगर (खरबूज) ठेवतात, आगारी टाकतात, म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवावर घास देतात. त्या सकाळी समाधीभूमीत नावांची यादी वाचायची, आणि ज्या जागांना नाव नाही त्यांचे क्रमांकही वाचायचे, असे ठरले. त्याच दिवशी माहेरवाशिणींकडून दुरुस्त्या घेतल्या जातात. कार्डावर तारीख आणि सांगणाऱ्याचे नाते लिहून. आखाजी पावसाच्या महिना-दीड महिना आधी येते, म्हणून त्याच दुपारी वरच्या बांधालगतची चर मोकळी करतात: एक फूट रुंद, शंभर फुटांना एक फूट उतार, कोणत्याही क्रमांकापासून दोन मीटर लांब.

नदीकडची कड अजून सुरक्षित नाही. पांढऱ्या गाळाची दरड पुरात कापली जाते आणि बाळांची जागा तिच्या सर्वांत जवळ आहे. तूर्त वाळ्याच्या रोपांच्या तीन ओळी लावल्या आहेत आणि कडेपासूनचे अंतर दर दसऱ्याला पाच ठरलेल्या खुंट्यांवरून मोजून वहीत लिहिले जाते. जाळीतल्या दगडांचा बंधारा लागेल. त्याचे अंदाजपत्रक या मोजमापांवरून होईल.